ओळख करून देणे आणि ओळख पटविणे : ब्रिटिश युवासंस्कृती, गँगस्टरपटाचा आरंभ आणि विद्यार्थ्याचा कॅमेरा

१

इंग्लंडमधील ओ.सी.आर. या परीक्षामंडळाच्या 'माध्यम-अभ्यास' या विषयात २००८ पासून सुमारे दशकभर एक प्रात्यक्षिक नेमलेले होते. एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि त्याचा आरंभ विद्यार्थ्यांनी स्वतः चित्रित करावयाचा आणि त्याची लांबी दोन मिनिटांहून अधिक होऊ द्यावयाची नाही, असे त्याचे स्वरूप होते. काम एकट्याने करता येई किंवा जास्तीत जास्त चौघांच्या गटाने. १०० गुणांपैकी ६० गुण प्रत्यक्ष चित्रकृतीला, २० पूर्वतयारीला आणि २० स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाला असत. या मूल्यमापनासाठी सात प्रश्न ठरवून दिलेले होते. आपल्या कृतीने प्रस्थापित चित्रपटांचे संकेत कितपत स्वीकारले, वाढविले वा नाकारले, हा त्यांतील एक. आणि विशिष्ट समाजगटांचे चित्रण आपण कसे केले, हा दुसरा. २०१७ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि हे प्रात्यक्षिक मागे पडले.

हे प्रात्यक्षिक करणारी मुले साधारणपणे सोळा-सतरा वर्षांची. चित्रपटाचा प्रकार निवडण्याची त्यांना मुभा होती, आणि भयपट व थरारपट यांच्या बरोबरीने गँगस्टरपटाकडेही अनेकांचा ओढा असे. याच मंडळाच्या पुढील वर्षाच्या परीक्षेत 'माध्यमे आणि सामूहिक अस्मिता' हा अभ्यासघटक होता व त्याखाली ब्रिटिश तरुणांचे माध्यमांतील चित्रण अनेक ठिकाणी शिकविले जाई. म्हणजे ज्यांच्याविषयी वृत्तपत्रे लिहीत होती, मंत्री बोलत होते आणि दिग्दर्शक चित्रपट काढीत होते, त्याच वयाच्या मुलांच्या हाती दोन मिनिटांपुरता कॅमेरा आला होता. या दोन मिनिटांत त्यांनी स्वतःकडे कसे पाहिले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखकाने यापूर्वी काही व्याख्यानांतून अशा विद्यार्थिपटांना 'प्रस्थापितांचे अनुकरण' असे म्हणून बाजूला सारले होते. ते मत घाईचे होते, असे आता वाटते. अनुकरण तर त्यांत आहेच. परंतु कशाचे अनुकरण, ते कोणत्या गरजेपोटी आणि त्यातून सुटण्याची वाट कोठे आहे, हे प्रश्न त्या शेऱ्याने अनुत्तरितच राहतात.

या विवेचनासाठी मराठीतील दोन नेहमीचे वाक्प्रयोग उपयोगी पडतील. एखाद्याची आपण 'ओळख करून देतो', आणि एखाद्याची 'ओळख पटवितो'. पहिल्या क्रियेत दोन माणसे समोरासमोर येतात आणि परिचयाला आरंभ होतो. दुसऱ्या क्रियेत परिचय संपलेला असतो; समोरचा मनुष्य आधीच तयार असलेल्या वर्णनाशी जुळतो की नाही, एवढेच पाहावयाचे उरते. पोलीस ठाण्यात ओळखपरेड होते, तेथे कोणी कोणाची ओळख करून देत नाही. चित्रपटाच्या आरंभाचे काम पात्रांची ओळख करून देणे हे होय. आपल्या नाट्यपरंपरेतील सूत्रधारही प्रस्तावनेत नाटकाची ओळख करून देतो. पात्रांची झडती घेत नाही. परंतु ब्रिटिश चित्रपटात तरुण गुन्हेगाराचा प्रवेश झाला तेव्हापासून त्याच्या बाबतीत आरंभाचे काम वारंवार ओळख पटविण्याकडे झुकत गेले, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला वारसा आला तो याच आरंभांचा, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

या वारशाचा उगम शोधताना 'ब्रायटन रॉक' या चित्रपटाकडे जावे लागते. ग्रॅहम ग्रीन यांची कादंबरी १९३८ ची. जॉन बोल्टिंग यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९४७ चा. कादंबरीतील टोळीप्रमुख पिंकी अवघा सतरा वर्षांचा आहे. चित्रपटात ती भूमिका रिचर्ड अॅटनबरो यांनी केली. हा चित्रपट सुरू होतो तो पडद्यावरील एका निवेदनाने. आजचे ब्रायटन हे समुद्रकाठचे आनंदी, अगत्यशील शहर आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे अंधाऱ्या गल्ल्यांचे, गलिच्छ वस्त्यांचे आणि टोळ्यांचे दुसरे एक ब्रायटन होते. ते आता उरलेले नाही, अशा आशयाची हमी प्रेक्षकाला दिली जाते. कथेचा पहिला प्रसंग घडण्यापूर्वीच तिला भूतकाळात आणि 'दुसऱ्या' शहरात हद्दपार करण्यात आले आहे. पिंकी स्वतः पडद्यावर येतो तेव्हा मात्र कॅमेरा वेगळेच काही करतो. दोरीशी चाळा करणारे त्याचे हात आधी दिसतात, चेहरा मागाहून. त्या हातांत पोरपण आणि क्रौर्य दोन्ही आहेत, आणि त्यांचा मेळ लावणे प्रेक्षकावर सोपविलेले आहे. एकाच चित्रपटाच्या आरंभात ओळख पटविणारा फलक आणि ओळख करून देणारी प्रतिमा असे दोन्ही प्रकार सापडतात.

ईलिंग स्टुडिओचा, बेझिल डिअर्डन दिग्दर्शित 'द ब्लू लॅम्प' हा चित्रपट १९५० चा. येथे हा तोल ढळलेला दिसतो. डर्क बोगार्ड यांनी साकारलेला टॉम रायली हा तरुण गुन्हेगार पडद्यावर येतो तो निवेदकाच्या भाष्याच्या पहाऱ्यात. जुन्या सराईत चोरांना धंद्याची शिस्त आणि काही नियम तरी असत. युद्धकाळात वाढलेल्या या अस्वस्थ पोरांपाशी तेही नाहीत, असे तो आवाज सांगतो. रायलीने अजून फारसे काही केलेले नाही, तरी तो कोण आहे हे ठरून गेले आहे. पुढे तो जॉर्ज डिक्सन या वयस्क पोलीस शिपायावर गोळी झाडतो. अखेरीस व्हाइट सिटी येथील कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानात त्याला कोंडीत पकडले जाते, आणि त्यासाठी पोलिसांना खुद्द गुन्हेगारी जगातील जुनी मंडळी साहाय्य करतात. कायदा पाळणारे आणि मोडणारे असे दोन्ही पक्षांचे प्रौढ एका तरुणाविरुद्ध एक होतात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चित्रपटात मारला गेलेला डिक्सन १९५५ मध्ये दूरदर्शन-मालिकेत पुन्हा जिवंत करण्यात आला आणि ती मालिका १९७६ पर्यंत चालली. रायलीला असे पुनरुज्जीवन लाभले नाही. तो 'प्रकार' होता. आणि एखाद्या प्रकाराला पुन्हा जिवंत करावे लागत नाही, त्या जागी नवीन चेहरा बसविला की पुरते.

३

प्रौढांच्या निवेदनाची ही मक्तेदारी मोडली ती 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटाने. अँथनी बर्जेस यांची कादंबरी १९६२ ची, स्टॅनली क्युब्रिक यांचा चित्रपट १९७१ चा. एका डोळ्याला खोट्या पापण्या लावलेला अॅलेक्स थेट कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो आहे, कॅमेरा हळूहळू मागे सरकतो आहे, आणि निवेदन स्वतः अॅलेक्सच करतो आहे. येथे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. आपण त्याची ओळख पटवावयास गेलो असताना तोच आपल्याला न्याहाळतो. हा चित्रपट पाहून तरुण गुन्ह्यांना प्रवृत्त होतात, असा गवगवा झाल्यानंतर क्युब्रिक यांनी ब्रिटनमधील त्याचे प्रदर्शन मागे घेतले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर २००० साली तो तेथे पुन्हा प्रदर्शित झाला. पडद्यावरच्या तरुणाला स्वतःचा आवाज मिळाल्याचे असे पडसाद उमटले.

याच काळात ब्रिटिश समाजशास्त्राने तरुणांविषयीच्या या घबराटीचाच अभ्यास आरंभिला. स्टॅनली कोएन यांचा 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' हा ग्रंथ १९७२ चा. १९६४ मध्ये क्लॅक्टन, ब्रायटन आदी किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी मॉड्स आणि रॉकर्स या तरुणांच्या गटांत झालेल्या हाणामाऱ्यांना वृत्तपत्रांनी कसे रूप दिले, याची त्यात चिकित्सा आहे. एखाद्या गटाला समाजाचा शत्रू म्हणून रंगविले की त्याचे कपडे आणि वाहन हीच त्याच्या अपराधाची खूण बनते. आणि पुढे त्या गटातील मुलेही त्याच खुणांनी स्वतःला ओळखू लागतात, हे कोएन यांचे निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. बर्मिंगहॅम येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या समकालीन संस्कृती अध्ययन केंद्रातील अभ्यासकांनी त्याची दुसरी बाजू मांडली. वेशभूषा, संगीत आणि बोली यांतून तरुण आपल्या वर्गस्थितीला काही उत्तर देत असतात, अशी भूमिका तेथील लेखनात आहे. स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पोलिसिंग द क्रायसिस' या १९७८ च्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखविली. रस्त्यावरील लूटमार, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात वाटमारी, ही काही नवी नव्हती. परंतु १९७२ च्या सुमारास तिला अमेरिकेतून आलेले 'मगिंग' हे नवे नाव मिळाले, आणि ते नाव पाहता पाहता कृष्णवर्णीय तरुणाचे दुसरे नाव होऊन बसले.

फ्रँक रॉडम यांचा 'क्वाड्रोफेनिया' (१९७९) हा गँगस्टरपट नव्हे; परंतु तरुणांच्या टोळीपणाविषयीचा तो महत्त्वाचा चित्रपट आहे आणि त्याचा आरंभ अभ्यासण्यासारखा आहे. समुद्राच्या कड्यावरून, मावळतीचा सूर्य पाठीशी घेऊन, जिमी एकटाच चालत येतो. त्यानंतर लंडनच्या रात्रीतून स्कूटरवर तो दिसतो आणि श्रेयनामावली सुरू होते. कड्यावरच्या त्या चालण्याचा अर्थ आरंभी लागत नाही. चित्रपटाच्या शेवटी स्कूटर त्याच कड्यावरून खाली कोसळते, तेव्हा आपल्या लक्षात येते की जिमी तिच्याबरोबर गेलेला नाही. गणवेशाचा आणि टोळीचा अभिमान खाली टाकून तो परत फिरला आहे. आरंभात जे सांगितलेले नाही, त्यामुळेच येथे पात्राला पुढे जाण्यास जागा राहिली.

४

विद्यार्थ्यांच्या समोर असलेले नजीकचे चित्रपट मात्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. या दशकातील वातावरण समजून घेतल्याशिवाय त्यांचे आरंभ समजत नाहीत. १९९८ च्या कायद्याने समाजविघातक वर्तनाविरुद्धचे आदेश अस्तित्वात आले. मे २००५ मध्ये केंट परगण्यातील ब्लूवॉटर या विक्रीसंकुलाने हुडी, म्हणजे डोके झाकणारी टोपी जोडलेला सदरा, घालून डोके झाकण्यास बंदी केली. जुलै २००६ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी अशा तरुणांना समजून घ्या, असे आवाहन केले, तेव्हा 'हुडीवाल्याला मिठी मारा' असे त्याचे विडंबन झाले. हे शब्द त्यांच्या भाषणात नव्हते. एक साधे वस्त्र कायदा, बाजार आणि राजकारण या तिघांच्याही चर्चेचा विषय झाले होते.

या पार्श्वभूमीवर मेनहाज हुडा यांचा 'किडल्टहुड' २००६ मध्ये आला. लेखन नोएल क्लार्क यांचे. शाळेतील छळ असह्य होऊन एक मुलगी आत्महत्या करते, शाळेला सुट्टी मिळते, आणि त्या मोकळ्या दिवसात पश्चिम लंडनमधील तिचे सोबती कोठे कोठे जातात, ही कथा. यातही सुऱ्या आहेत, पिस्तूल आहे, पुतण्याला आपल्या वाटेवर ओढणारा गुंड चुलता आहे. पण आरंभ होतो शाळेत. गुन्हेगारीचे मूळ रस्त्यावर शोधण्यापूर्वी चित्रपट वर्गातील आणि मैदानातील बघ्यांकडे बोट दाखवितो. त्याच वर्षीच्या शेन मेडोज यांच्या 'धिस इज इंग्लंड' या चित्रपटाची कथा १९८३ मधील आहे. त्याच्या आरंभी त्या काळातील वृत्तचित्रांची मालिका दिसते : मार्गारेट थॅचर, राजघराण्यातील विवाह, बाजारातील नवी खेळणी, आणि फॉकलंडचे युद्ध. पात्राआधी काळाची ओळख करून देण्यात आली आहे. या चित्रांवर जे गाणे वाजते ते 'टूट्स अँड द मेटल्स' या जमैकन वाद्यवृंदाचे, आणि त्याचा विषय आहे कैद्याला मिळालेला क्रमांक. तुरुंगाच्या नोंदवहीने पटविलेली ओळख गायकाने गाण्याच्या मुखड्यात घेऊन स्वतःची करून टाकली आहे. पुढे चित्रपटात ज्या स्किनहेड तरुणांना वंशद्वेष्टे राजकारण गिळू पाहते, त्यांच्या संस्कृतीचे मूळ कृष्णवर्णीय जमैकन संगीतात होते, हे दिग्दर्शकाने भाष्यावाचून केवळ ध्वनीतून सुचविले आहे. या चित्रपटाला ब्रिटिश परीक्षण मंडळाने केवळ प्रौढांसाठी, म्हणजे अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी, असे प्रमाणपत्र दिले. ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्यासाठी तो होता, त्यांनाच चित्रपटगृहाचे दार बंद झाले.

याच्या नेमका उलटा आरंभ डॅनियल बार्बर यांच्या 'हॅरी ब्राउन' (२००९) या चित्रपटाचा आहे. मोबाइलवर काढल्यासारखी हलती, अस्पष्ट चित्रे; टोळीत नव्याने दाखल होणाऱ्याची दीक्षा; मग मोटारसायकलवरून जाताना बाबागाडी घेऊन निघालेल्या एका तरुण आईची गोळी घालून हत्या; आणि पाठोपाठ त्या मारेकऱ्यांचा अपघाती मृत्यू. त्यांची नावे नाहीत, कारणे नाहीत. चित्रण टोळीतल्याच हाताने झाले आहे, पण दृष्टी टोळीतली नाही. कारण ही चित्रे ज्या क्रमाने जुळविली आहेत तो क्रम आरोपपत्राचा आहे. त्यानंतर मायकेल केन यांनी साकारलेल्या वृद्ध हॅरीने शस्त्र हाती घेतले, की प्रेक्षकाची संमती आधीच मिळालेली असते. कॅमेरा तरुणाच्या हाती असला म्हणजे दृष्टी तरुणाची झाली, हा समज किती फसवा आहे, हे या आरंभावरून कळते. विद्यार्थिपटांचा विचार करताना हा धडा विसरून चालणार नाही.

५

आता विद्यार्थ्याच्या दोन मिनिटांकडे वळू. अशा कृतींत वारंवार आढळणारा आराखडा साधारण असा : रस्त्याखालचा भुयारी मार्ग, बहुमजली वाहनतळ किंवा कौन्सिलच्या वसाहतीतला जिना, सायंकाळ किंवा रात्र, हुडीने डोके झाकलेला, पाठमोरा चालणारा मुलगा, त्याच्या बुटांचे समीपदृश्य, हातातून हातात जाणारे पुडके, खालच्या पट्टीत धडधडणारे संगीत, भारदस्त आवाजातले आत्मनिवेदन, आणि एकेका पात्राचे चित्र गोठवून त्यावर उमटणारे त्याचे टोपणनाव. या प्रत्येक खुणेचे कूळ सांगता येते. गोठविलेल्या चित्रावर नाव लिहिण्याची रीत डॅनी बॉइल यांच्या 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) या चित्रपटाच्या आणि गाय रिची यांच्या 'स्नॅच' (२०००) या चित्रपटाच्या आरंभातून रुजली. तेथे ती विनोदाने आली होती. परंतु चेहरा थांबवून त्याखाली नाव लिहिणे म्हणजे पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रच नव्हे काय? विद्यार्थी आपल्याच मित्राला त्या दप्तरात नेऊन बसवितो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही.

असे का होते? येथे 'अनुकरण' हे उत्तर अपुरे पडते. मुलांपाशी साधने थोडी असतात, आणि यांतील बहुतेक खुणा साधनांच्या अभावाला सोयीच्या आहेत. हुडीने झाकलेल्या चेहऱ्याला अभिनय करावा लागत नाही. वर्गमित्राचे अवघडलेपण त्या कापडाखाली लपते. अंधारामुळे स्थळाचे दारिद्र्य दिसत नाही. पाठमोऱ्या पात्राला संवाद नसतो, म्हणून प्रत्यक्ष स्थळावरील ध्वनिमुद्रणाची अडचण टळते. आत्मनिवेदन मागाहून खोलीत बसून मुद्रित करता येते. भुयारी मार्ग फुकट मिळतो. आणि दोन मिनिटांची मर्यादा या सर्वांवर शिक्कामोर्तब करते. अल्प अवकाशात परीक्षकाला प्रकार कळला पाहिजे, संकेतांचे ज्ञान दिसले पाहिजे. म्हणून जी खूण सर्वांत लवकर वाचली जाते तीच निवडली जाते. सर्वांत लवकर वाचली जाणारी खूण म्हणजे जिची ओळख समाजाने आधीच पटवून ठेवलेली आहे, ती. म्हणजे तंत्राची गरज आणि पूर्वग्रहाची सोय येथे एकाच बिंदूवर येतात. मुलगा पूर्वग्रह बाळगून हुडी निवडतो असे नाही. तो हुडी निवडतो, आणि पूर्वग्रह तिच्याबरोबर चालत येतो.

या प्रात्यक्षिकातच एक विरोधाभास दडलेला होता, आणि माझ्या मते सुटण्याची वाटही तेथेच होती. मुख्य चित्रणाआधी प्रत्येकाला एक सराव करावा लागे. एक पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसते आणि दोघांत एखाद-दुसरे वाक्य बोलले जाते, एवढेच चित्रित करावयाचे. क्रियेचा सांधा जुळविणे, एकाच्या चेहऱ्यानंतर दुसऱ्याचा चेहरा दाखविणे आणि दोघांमधील कल्पित रेषा न ओलांडणे, ही तीन कौशल्ये त्यातून साधावयाची. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही या सरावाकडे एक उरकून टाकण्याची गोष्ट म्हणून पाहत असतील, तर नवल नाही. परंतु त्याच्या रचनेत काय आहे ते पाहा. एक खोली, दोन चेहरे आणि परस्परांकडे वळलेल्या दोन नजरा. ज्याच्याकडे पाहिले जाते तो उलट पाहतो. ओळख करून देण्याची ही मूळ मांडणी आहे. सरावाच्या खोलीतून मुख्य चित्रणासाठी भुयारात उतरताना विद्यार्थी दुसरी खुर्चीच मागे सोडतो.

त्याच सरावातून गँगस्टरपटाचा आरंभ करता आला नसता का? रात्री उशिरा मुलगा दार उघडून स्वयंपाकघरात येतो. टेबलाशी आई कामावर निघण्याच्या तयारीत बसली आहे. जेवलास का, असे ती विचारते. तो हो म्हणतो. त्याचा एक हात खिशातून बाहेर येत नाही. तिची नजर त्या खिशाकडे जाते आणि परत येते. खिशात काय आहे, ते दाखवावयाचे नाही. यात भय आहे, गुन्ह्याची चाहूल आहे, प्रकारही कळतो. पण मुलगा आधी मुलगा आहे. साधने लागतात ती सरावात लागलेलीच. कठीण आहे तो अभिनय, आणि मित्राच्या उघड्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून धरण्याचे धैर्य.

६

व्यावसायिक चित्रपटात हे धैर्य दिसले ते जो कॉर्निश यांच्या 'अटॅक द ब्लॉक' (२०११) या चित्रपटात. शोभेच्या दारूची रात्र. आकाशातून कॅमेरा दक्षिण लंडनमध्ये उतरतो. सॅम ही तरुण परिचारिका घरी निघाली आहे. तोंडे झाकलेली मुले तिला अडवितात, सुरा दाखवून लुबाडतात. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या शब्दाची चिकित्सा केली तीच वाटमारी, त्याच सर्व खुणांसह. दिग्दर्शकाने पूर्वग्रह टाळलेला नाही. प्रेक्षकाला तो पुरता भोगू दिला आहे. पुढे परग्रहावरील प्राण्यांशी लढताना सॅमला या म्होरक्याच्या, मोझेसच्या, घरात जावे लागते. तेथे तिला मुलाची खोली दिसते, लहान मुलाचे पांघरूण दिसते, आणि कळते की ज्याला ती दांडगा पुरुष समजली तो पंधरा वर्षांचा आहे. आरंभी पटविलेली ओळख येथे मोडते आणि खरी ओळख होते. तीही एका खोलीत. चित्रपट मे महिन्यात प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डग्गन यांचा मृत्यू झाल्यानंतर टॉटनहॅममध्ये दंगल उसळली आणि ती अन्य शहरांत पसरली. त्या दिवसांत वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर जी चित्रे आली ती पुन्हा झाकलेल्या चेहऱ्यांची होती.

अँड्र्यू ओनवुबोलू, अर्थात रॅपमन, यांच्या 'ब्लू स्टोरी' (२०१९) या चित्रपटात दिग्दर्शक स्वतः अधूनमधून पडद्यावर येऊन पद्यातून कथा सांगतो. आपल्या सूत्रधाराची आठवण व्हावी, अशी ही योजना. 'द ब्लू लॅम्प'मधल्या निवेदकाच्या जागी आता त्याच वस्तीत वाढलेला मनुष्य उभा आहे, आणि तो निकाल न देता शोक करतो आहे. प्रदर्शनानंतर बर्मिंगहॅम येथील एका चित्रपटगृहाच्या आवारात हाणामारी झाली, आणि एका मोठ्या चित्रपटगृह-साखळीने आपल्या सर्व पडद्यांवरून तो काढून घेतला. टीका झाल्यावर काही दिवसांत तो पुन्हा लावण्यात आला. अॅलेक्सच्या काळापासून चालत आलेला संशय अर्ध्या शतकानंतरही तसाच होता.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) ही कादंबरी मुंबईतील नाक्यावरच्या पोरांची कथा त्यांच्यापैकीच एकाच्या तोंडून सांगते, आणि तिच्यावर उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. त्या वादात अश्लीलतेची चर्चा पुष्कळ झाली. नाक्यावरचा मुलगा आता स्वतः बोलतो आहे, त्याची ओळख आपण परस्पर पटवू शकत नाही, ही अडचण मात्र त्या चर्चेच्या तळाशी राहिली असावी. कोण सांगतो या प्रश्नाइतकाच कशाने आरंभ करतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, एवढे या तुलनेतून लक्षात घ्यावे.

७

सारांश, ब्रिटिश गँगस्टरपटाच्या आरंभाने तरुणाला दोन प्रकारे पडद्यावर आणले. फलक, निवेदकाचे भाष्य, गोठविलेले चित्र आणि मोबाइलची चित्रफीत यांनी त्याची ओळख पटविली. पिंकीचे हात, अॅलेक्सची उलट नजर, जिमीचे कड्यावरून परत येणे आणि सॅमला दिसलेली मोझेसची खोली यांनी त्याची ओळख करून दिली. विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाने पहिल्या प्रकारच्या खुणा हाताशी दिल्या आणि संकेतज्ञान म्हणून त्यांचे गुणही दिले. दुसऱ्या प्रकारची शक्यता सरावात होती. तिला गुण नव्हते.

मूल्यमापनात विद्यार्थ्याला विचारले जाई, की तू विशिष्ट समाजगटांचे चित्रण कसे केलेस. हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला विचारताना तो स्वतः त्या समाजगटात मोडतो, याची जाणीव विचारणाऱ्याला असणे आवश्यक होते. उत्तरपत्रिकेत तो बहुधा 'ते तरुण' असे तृतीयपुरुषी लिहिणार, कारण अभ्यासाची भाषा त्याला तीच शिकविली गेली आहे. पण दोन मिनिटांच्या त्या चित्रफितीत भुयारातून पाठमोरा चालणारा मुलगा त्याचा मित्र असतो, आणि पुष्कळदा तो स्वतःच असतो. त्याने एकदा मागे वळून कॅमेऱ्याकडे पाहिले असते, तर अभ्यासाचा विषय आणि अभ्यासक समोरासमोर आले असते. अशा कृतींचे परीक्षण करणाऱ्याने, आणि ज्याने कधी काळी त्यांना अनुकरण म्हणून बाजूला सारले त्या प्रस्तुत लेखकानेही, गुण वा शेरा देण्यापूर्वी त्या वळून पाहण्याची वाट पाहावयास हवी होती.